उद्योगवीराचा मुखवास

धैवतनं नोकरी सोडली त्या दिवशी सगळ्यात आधी काय केलं असेल? कार्डं छापून घेतली. बडीशेप अजून आणलेली नव्हती, भाजायला कढई नव्हती, डबा पत्र्याचा की काचेचा तेही ठरलं नव्हतं; पण कार्ड तयार. सोनेरी अक्षरांत नाव आणि नावाखाली 'संस्थापक'. मला एक दिलं. मी विचारलं, कशाचा रे संस्थापक? तर म्हणाला, आधी माणसानं मनातून मोठं व्हावं लागतं, असं सर म्हणतात.

मी त्याची फोई, जसुमती. त्याच्या बापाची थोरली बहीण. आमचा किरीट गेला तेव्हा हा पोरगा दुसरीत होता. त्याच्या आईनं, रसिलाभाभीनं, चांदी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या गाळ्यात बसून अडकित्ते, कंकू आणि काजळ विकलं आणि याला बी.कॉम. केलं. गाळा तो केवढा, दोन बायका आत शिरल्या तर तिसरीनं बाहेर उभं राहायचं. पण स्वतःचा. किरीटनं मागं ठेवलेली तेवढी एकच वस्तू. मागच्या वर्षी भाभीचे गुडघे गेले, तेव्हापासून गाळ्याला कुलूप आहे आणि किल्ली तिच्या कमरेला. पुढचा सगळा तमाशा त्या गाळ्यावरून झाला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पोरगा पितळेच्या कारखान्यात हिशेबनीस होता. चांगली खुर्ची, डोक्यावर पंखा, दिवाळीला मिठाई. तेवढ्यात कुठून तरी त्याच्या कानावर हा फाल्गुन सर पडला. दर रविवारी स्टेशनजवळच्या हॉटेलात 'उद्योगवीर शिबिर'. पहिल्यांदाच धंदा करणाऱ्याला लागणारी सगळी कौशल्यं म्हणे तिथं शिकवतात. म्हणजे जामनगरच्या लोहाण्याच्या, पिढीजात व्यापाऱ्याच्या पोराला धंदा शिकायला वर्गात जावं लागतं. आमचे आजोबा हे ऐकायला नव्हते ते बरंच झालं.

शिबिराच्या समारोपाला मला नेलं होतं. जामनगरचा मे महिना, आणि सगळी पोरं कोटात. घामानं गळ्याचे टाय काळे पडलेले. शिकली काय होती? हात कसा मिळवायचा. रोज सकाळी आरशात बघून 'मी मालक आहे' कसं म्हणायचं. आणि लिफ्टमध्ये एखादा पैसेवाला भेटला तर दोन मिनिटांत त्याला आपला धंदा कसा सांगायचा. आता जामनगरात लिफ्टमध्ये पैसेवाला गाठायचा कुठं? त्या हॉटेलाची लिफ्टसुद्धा बंद होती. आमच्या व्रजलालकाकांना दर जिन्यावर बसवत बसवत वर न्यावं लागलं.

मी त्या सरांना सरळ विचारलं, तुमचा स्वतःचा धंदा कसला? तर म्हणतात, 'बेन, मी धंदेवाले घडवतो.' म्हणजे स्वतः आयुष्यात कधी दुकानाचं शटर वर केलेलं नाही. पण आवाज असा की मागच्या रांगेतला पेंगणारा माणूसही उठून टाळ्या वाजवेल. शेवटी त्यांनी सगळ्यांत मोठा धडा दिला. म्हणाले, तुमचा पहिला विरोधक तुमच्या घरात बसलाय. काका, मामा, फोई. ते बोलले की हसा आणि पुढं चला. हे बोलताना तो माणूस माझ्याकडे बघत होता. धैवतला त्यानं बाकी काही शिकवलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण त्या एका वाक्यानं पोराच्या कानांना बुचं बसली, आणि पुढं त्याला खरं सांगणारं माणूस उरलंच नाही.

मुखवास करायचा म्हणाला, तिथंच मी कपाळाला हात लावला. अरे, या गावात मुखवास कोण विकत घेईल? घराघरांत बरण्या भरलेल्या. माझ्याच घरी पाच तऱ्हा आहेत, आणि पाहुणा आला की कुठली काढू असा मला प्रश्न पडतो. पण याचा मुखवास वेगळा होता. साखर नाही. बडीशेप नावाला. जवस, शेवग्याच्या पानांची पूड आणि वर कसली तरी काळी भुकटी. पोट साफ करतो म्हणे. जेवण झाल्यावर माणसाला तोंड गोड करायचं असतं, पोट कोणाला साफ करायचं असतं? मी पहिल्याच दिवशी चिमूटभर तोंडात टाकला आणि अंगणात जाऊन थुंकले. म्हटलं, धैवत, हे गाईपुढं टाकलंस तर ती मान फिरवेल. तो हसला आणि पुढं चालता झाला. शिबिराची फी वसूल.

दुकान मात्र थाटात उघडलं. पंचेश्वर टॉवरकडे भाड्याची जागा, काचेचं दार, रिबीन, नारळ. आमच्यात रीत आहे, आपल्यातल्या कोणी दुकान उघडलं की जायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं नाही. ती खरेदी नसते. लग्नात आहेराचं पाकीट देतो ना, तसलाच तो व्यवहार. वधूवर आवडले म्हणून का कोणी पाकीट देतं? तर सगळं गोत आलं. कोणी चार डबे नेले, कोणी आठ. भानुमामीनं डझनभर नेले, कारण मागच्या साली तिच्या सुनेच्या ब्यूटी पार्लरला भाभी दोनदा जाऊन आली होती. शेंबड्या पोरालाही कळेल असा हा हिशेब. पण आमचा बी.कॉम. उद्योगवीर त्याला 'बाजाराचा प्रतिसाद' म्हणत होता.

महिन्याभरानं अमदावाद, वडोदरा, भुज, सगळीकडून फोनवर ऑर्डरी यायला लागल्या. त्यानं भिंतीवर गुजरातचा नकाशा लावला आणि त्यात लाल टाचण्या टोचल्या. मी चष्मा लावून नावं वाचली. अमदावादची चंद्रिका म्हणजे याची सख्खी मासी, भाभीची बहीण. वडोदऱ्याचा पोपट म्हणजे त्या मासीचा दीर. भुजला माझीच चुलत नणंद. म्हटलं, बाळा, हा नकाशा नाही, आपली वंशावळ आहे. तर मला म्हणतो, 'फोई, तुम्ही माणसं बघता, मी कल बघतो.'

सरांना काय, आयतंच सापडलं. धैवतला स्टेजवर चढवला, गळ्यात हार घातला. स्टेशन रोडला शिबिराचा मोठा फलक लागला, त्यावर याचा हाताची घडी घातलेला फोटो, आणि मागं याच्या डोक्यावर हात ठेवलेले सर. खाली लिहिलेलं, 'शून्यातून संस्थापक'. शून्यातून म्हणे. आईनं वीस वर्षं गाळ्यात बसून पाठ मोडून घेतली, ती यांच्या हिशेबी शून्य.

आणि मग त्याची नजर गाळ्यावर गेली. सरांनी सांगितलं, आता अमदावादच्या मॉलमध्ये दुसरी शाखा काढायची, थांबला तो संपला. पैसा कुठून आणायचा? तर बंद पडलेली मालमत्ता म्हणजे झोपलेला पैसा, त्याला उठवा. गिऱ्हाईकही मिळालं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण गाळा घ्यायला तयार होता. साताठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुट्ट्या संपल्या की कागद करायचे ठरलं. धैवत रोज आईकडे किल्ली मागायचा, गिऱ्हाइकाला गाळा आतून बघायचाय म्हणायचा. भाभीचं एकच उत्तर. आठम होऊ दे.

मी तिला एकटीला गाठलं. म्हटलं, भाभी, तोंडानं नाही म्हण. तुझ्या नावावर गाळा आहे, सही तुझी लागणार आहे. किरीटची तेवढी एक खूण आहे, ती त्या शेवग्याच्या पुडीत घालणार का? ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'दुकान उघडल्यावर पहिला महिना तो जेवत नव्हता, जसुबेन. ताटावर बसायचा आणि उठायचा. आता दोन रोटल्या खातो.'

मी गाळ्याचं बोलतेय आणि ही रोटल्यांचं. मला वाटलं, पोराच्या मायेनं हिची बुद्धी चळलीय. चिडून घरी आले आणि ठरवलं, आता आपणच काय ते करायचं.

साताठमला आमच्याकडे पत्ते असतात. आदल्या दिवशी, रांधण छठला, सगळं रांधून ठेवायचं आणि सातमला चूल पेटवायची नाही. थेपले, बाजरीचे वडे, गूळपापडीसारखी सुखडी, सगळं थंड. बायकांना वर्षात एवढीच एक दुपार मोकळी, आणि ती आम्ही तीन पत्तीत घालवतो. पण मागच्या साली शेजारच्या पोळात, म्हणजे पलीकडच्या गल्लीत, पोलिसांनी धाड घातली आणि चार म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून नेलं, तेव्हापासून व्रजलालकाकांनी पैशांवर खेळायला बंदी घातलीय. मग काय, चिंचोके नाहीतर काड्या. या वेळी मी सगळ्यांना फोन केला. म्हटलं, चिंचोके आणू नका, घरात धैवतचे डबे पडले असतील ते आणा. पलीकडून जी ती हसायला लागली ती थांबेना. कोणी म्हणेना की आमच्याकडचे संपले.

खेळ भाभीच्याच घरी होता. तिला मी चिंचोक्यांऐवजी डब्यांवर खेळायचं सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, धैवत दुखावेल. मी म्हटलं, तो सरांकडे गेलाय, संध्याकाळपर्यंत येत नाही. खोटं बोलले. दुपारच्या फराळाला तो परत येणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं बघावं म्हणूनच मी हा घाट घातला होता. तो दारात उभा राहिला की काय बोलायचं तेही मी मनात घोटून ठेवलं होतं. म्हणणार होते, या संस्थापक, बघा तुमचा बाजार.

चटईवर सगळे गोल करून बसलो. मध्ये सोनेरी झाकणांचा ढीग. व्रजलालकाका, भानुमामी, अमदावादहून आलेली चंद्रिकामासी, मी आणि भाभी; मामीचा मुलगा बाजूला बसून बघत होता. काका एकेक डबा पुढं सरकवून 'दोन डबे चाल' म्हणत होते, आणि दर वेळी मामी पदर तोंडाला लावून हसत होती. एकाही डब्याचं सील तुटलेलं नव्हतं. ज्या मालाच्या जिवावर पोरगा अमदावाद जिंकायला निघाला होता, तो सगळा आमच्या पत्त्यांच्या डावात लागलेला.

आता भाभीचं सांगते. वर्षभर ही बाई वरच्या आवाजात बोलत नाही. रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर देऊन मोकळी होते. पण सातमला हातात पत्ते आले की हिच्या अंगात येतं. डोळे पत्त्यांवर, गुडघे विसरून मांडी घट्ट, कोणी काही विचारलं तर ऐकू येत नाही. किरीट असताना तो म्हणायचा, आज घराला आग लागली तरी रसिला आधी शो मागेल, समोरच्याचे पत्ते उघडायला लावेल. त्या दुपारी तिला कसले पत्ते लागले होते कोण जाणे, पण ती मागं हटेना. काकांनी पत्ते टाकले, मी टाकले, मासीनं टाकले. उरल्या भाभी आणि भानुमामी. मामीपुढं डब्यांची उतरंड, आणि भाभीचे सगळे डबे मध्ये जाऊन संपलेले.

तेवढ्यात दार ढकललं आणि धैवत आत आला. अंगात तोच कोट, काखेत सरांनी दिलेली फाइल. भाभीची दाराकडे पाठ होती. मी त्याला बघितलं, मामीनं बघितलं, काकांच्या हातातला सुखडीचा तुकडा तोंडाशी थांबला. धैवतची नजर ढिगावर गेली. मी तोंड उघडलं, घोटलेलं वाक्य ओठांवर आलं.

भाभीनं मागं न बघताच कमरेची किल्ली काढली आणि खांद्यावरून मागं धरली. मामीचा मुलगा पाणी प्यायला आत गेला होता, तो आलाय असं तिला वाटलं असणार.

'जा रे, गाळ्यातून दहा डबे घेऊन ये,' ती म्हणाली. 'मागच्या भिंतीचे घे. पुढचे काढलेस तर सगळी रास अंगावर येईल.'

धैवतनं किल्ली घेतली. फाइल पायरीवर ठेवली आणि निघून गेला. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

भाभी पत्त्यांत बघत होती. मग आतून मामीचा मुलगा तोंड पुसत बाहेर आला. भाभीनं त्याच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पायरीवरच्या फाइलकडे. 'कोण गेलं?' तिनं विचारलं. तिनं पत्ते पालथे ठेवले आणि त्यांवर हात ठेवून बसली.

बोलली ती चंद्रिकामासी. म्हणाली, आता लपवून काय उपयोग. अमदावादच्या माझ्या नावावरच्या सगळ्या ऑर्डरी हिच्याच होत्या. पोपटभाईंच्याही, भुजच्याही. ही फोन करायची, तुझ्या नावानं मागव, पैसे मी पाठवते, आणि डबे येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर जामनगरला धाडून दे, मी रिक्षानं जाऊन गाळ्यात ठेवते. सुरुवातीला आठवड्याला पाच होते, मग पोरगा खूश दिसायला लागला तशी हिनं वाढवले.

टाचण्यांना मी वंशावळ म्हणत होते, आणि ती वंशावळही नव्हती. नकाशावरची प्रत्येक टाचणी या बाईनं टोचली होती. शेवटी मी एवढंच विचारलं, मग गाळा विकायला नाही का म्हणाली नाहीस? ती म्हणाली, नाही म्हटलं असतं तर त्यानं कारण विचारलं असतं. हो म्हटलं असतं तर कुलूप उघडावं लागलं असतं. म्हणून आठम होऊ दे, आठम होऊ दे करत होते.

'आणि आठम झाल्यावर?' मी विचारलं.

'त्यापुढचं सुचलं नव्हतं,' ती म्हणाली.

चांदी बाजार काही लांब नाही, चालत जाऊन यायला असा कितीसा वेळ लागतो. धैवत खूप उशिरा आला. काकांनी मध्ये दोनदा विचारलं, कोणी बघून येता का, पण उठायचं धाडस कोणाला झालं नाही. आला तेव्हा अंगात कोट नव्हता. कोटाचं गाठोडं करून त्यात डबे बांधले होते. केसांवर गाळ्यातली धूळ, सदऱ्याला कंकवाचा लाल डाग. त्यानं गाठोडं आईपुढं सोडलं आणि डबे एकावर एक रचले.

'मागच्या भिंतीचे आणले,' तो म्हणाला, आणि तिथंच चटईवर बसला. मला वाटलं आता ओरडेल, मग वाटलं रडेल. सरांनी शिकवलेलं ते हसू येतं की काय याचीही मला धास्ती होती. त्यातलं काही झालं नाही. एक डबा हातात घेऊन तो बराच वेळ झाकण फिरवत राहिला.

'मम्मी, तू हा खाल्लास कधी?'

'एकदा,' भाभी म्हणाली.

'कसा होता?'

भाभीनं माझ्याकडे बघितलं. या घरात आजवर ते काम माझं होतं, आणि मी किती वेळा केलं तरी त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. मी मान खाली घातली.

'वाईट होता, बेटा,' ती म्हणाली. 'फार वाईट.'

व्रजलालकाकांना धीर आला असावा. ते म्हणायला लागले, माझ्या कवळीत तर तो जवस असा अडकतो की, आणि मामीनंही तोंड उघडलं. धैवतनं हात वर केला. काकांना म्हणाला, 'थांबा काका, तुमचंही ऐकतो. आधी तिचं ऐकू दे.' आणि आईकडे वळला. 'वाईट म्हणजे काय? नीट सांग.'

मग भाभीनं सांगितलं. हळू आवाजात, अडखळत, पण सगळं सांगितलं. कडू लागतो. घशाला चिकटतो. दात काळे होतात, त्यामुळे बाई चारचौघींत खाणार नाही. डबा एवढा मोठा की पर्समध्ये मावत नाही. तो ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं, पण दर वेळी ती थांबली की तो 'अजून?' म्हणायचा. वर्षभर पोरगा शिबिराला गेला, कोट शिवला, हात मिळवायला शिकला, आणि वीस वर्षं दुकान चालवलेली बाई घरात रोज याला वाढत होती, तिला एवढं विचारायला त्या फाल्गुन सरानं शिकवलं नव्हतं. स्टेशन रोडच्या फलकावर मात्र तो याच्या डोक्यावर हात ठेवून उभा आहे.

सांगून संपलं. धैवतनं किल्ली तिच्या हातात दिली आणि मोबाइलवाल्याला मी उद्या नाही सांगतो म्हणाला. तिनं ती कमरेला लावली. मग भानुमामी म्हणाली, भाभी, डाव अर्धा राहिलाय.

भाभीनं डोळे पुसले आणि पालथे ठेवलेले पत्ते उचलले. धैवतनं आणलेले दहाच्या दहा डबे तिनं पुढं सरकवले आणि शो मागितला. मामीचे तीन गुलाम होते. भाभीनं आपले पत्ते उलटे केले, तीन राण्या. एरवी अशा वेळी खोली डोक्यावर घेतो आम्ही. त्या दिवशी काकांनी नुसती सुखडीची ताटली तिच्यापुढं सरकवली.

मधला सगळा ढीग तिचा झाला. आमच्या आमच्या घरून आणलेला एकूण एक डबा पुन्हा तिच्याच पदरात. धैवतनं कोट झटकून चटईवर पसरला आणि ते डबे त्यात भरायला घेतले.